नवांत न बसलेला आकडा

उस्त्युर्त, रुळांची छावणी
१२ एप्रिल १९७१

बुरुल,

तुझ्या थोरल्या भावाचा सलाम घे. आईला दे, बाबांना दे, उरला तर तांबड्या घोडीलाही दे. मी जिवंत आहे. इथे जमीन इतकी सपाट आहे की सकाळी पळून गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत दिसत राहतो. म्हणूनच मी अजून पळालो नाही. मुकादमाशी मात्र वाजलं. पाण्याची टाकी उशिरा आली आणि तो म्हणतो, काम थांबवू नका. मी रुळावर बसलो. म्हटलं, रूळ तहानेने मरत नाहीत, आम्ही मरतो. त्याने माझं नाव कुठेतरी लिहून घेतलं. घेऊ दे, लिहिण्यासारखंच नाव आहे.

आता मुद्द्याचं. कुबातच्या घरून त्याला पत्र आलं. त्याचे आईबाप तुला मागायला येणार आहेत म्हणे. कुबात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो. पत्र आल्यापासून तुझं नाव निघालं की बूट पुसायला लागतो. बूट कसले, नुसतं डांबर! पण माणूस सोन्यासारखा आहे. मागच्या महिन्यात मला ताप होता तर स्वतःच्या वाटणीचं पाणी मला पाजून स्वतः ओठ चाटत बसला.

तुला तर मी ओळखतो. नाकाने कांदे सोलशील. म्हणशील मला शिकायचंय. मला सातवीतून हाकललं, माझं काही अडलं का? 'हो' म्हणून टाक. कुबात माझा मेव्हणा झाला तर मला काय आवडेल सांगू! हाडं मोडायला हक्काचा माणूस मिळेल.

तुझा तालाय

---

ताश-बुलाक
२ मे १९७१

तालाय बाइके,

थोरल्या भावाचा, माझ्या बाइकेचा, सलाम पोचला. घोडीने तुझा सलाम घेतला नाही, मान फिरवली. तिला कळतं.

ते येऊन गेले. कुबातची आई, बाप, दोन काकू आणि रुमालात गुंडाळलेली चांदीची कर्णफुलं. तुला माहीत आहे, मुलाच्या आईने ती एकदा कानात अडकवली की पोर त्या घरची झाली, मग बोलणंच संपलं. म्हणून त्या दारातून आत आल्या तशी मी दोन्ही कानांवर हात ठेवले ते काढलेच नाहीत. जेवलेसुद्धा नाही. काकू म्हणाली, "पोरीला कानदुखी आहे वाटतं." मी म्हटलं, "आहे. तुम्ही आल्यापासून."

बाबांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. पण म्हातारे सातार आबा शेजारीच बसले होते. गावात त्यांच्याहून पांढरी दाढी दुसरी नाही, त्यांचा शब्द बाबांच्या वर. ते हसत सुटले. म्हणाले, "आमच्या वेळी पोरी कानांवर हात नाही ठेवायच्या. कोडं घालायच्या. मुलाने सोडवलं तर कान पुढे करायच्या, नाही सोडवलं तर घोड्याचं तोंड वळवून परत."

मी तो शब्द हवेतच झेलला. म्हटलं, "मग मीही घालते."

कोडं असं घातलं: एका कळपात इतकी इतकी मेंढरं. ती सारख्या रांगांत उभी करा. किती रांगा आणि एका रांगेत किती, हे दोन आकडे सांगा. अट एकच, ते दोन्ही आकडे न फुटणारे हवेत. म्हणजे त्यांच्या पुन्हा सारख्या रांगा करता येऊ नयेत, सात किंवा तेरा यांच्या होत नाहीत तशा. आमच्या बाई अशांना मूळ संख्या म्हणतात. दोन मोठे आकडे मी आधीच हेरून ठेवले होते, रिकामपणी गुणून पाहिले होते. त्यांचा गुणाकार सर्वांसमोर सांगितला. सातार आबांनी तो आपल्या मण्यांच्या पाटीवर बसवला. तेच कुबातला लिहून पाठवणार आहेत. गावात एवढं वळणदार अक्षर त्यांचंच.

हे काही न सुटणारं कोडं नाही. भागाकार करत बसणाऱ्याला सुटेल, पण उन्हाळा जाईल. मला उन्हाळाच हवा आहे. ऑगस्टमध्ये राजधानीत, फ्रुंझेला, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आहे. ती झाली की मग कुणीही काहीही सोडवा.

आकडा तुला सांगत नाही. सांगितला तर तू त्याच्यासाठी भागाकार करशील. एवढंच विचारते, तू माझा भाऊ आहेस की त्याचा?

बुरुल

---

उस्त्युर्त
२४ मे १९७१

बुरुलबाई,

तू सांगू नकोस! आकडा तुझ्या पत्राआधीच इथे पोचला. सातार आबांनी वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांच्या पिशवीत कागद घालून पाठवला. कुबातने आधी हात पुसले, मग तो उघडला. मी गोळे खात होतो.

१,१६,७५,९४३.

कुबात म्हणाला, "ही पोर मला जिवंत गाडणार." तो आठवी झालेला, तरी पेन्सिल हातात घेऊन असा बसला जसा कुणी त्याला विहीर उपसायला सांगितली. मग मी म्हटलं, सरक. मला काय येतं? काही नाही. पण आपल्यात लग्नाला काय देतात? नऊ घोडे, नऊ कापडं, नऊ रिकिबी. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी एवढंच शिकलो, की आकड्यातले अंक एकमेकांत मिळवायचे, नवांत बसले तर अख्खी रास नवांत बसते. मिळवले. छत्तीस! बसला की गं!

नऊ रांगा, एका रांगेत बारा लाख सत्त्याण्णव हजार तीनशे सत्तावीस. तुझा उन्हाळाभराचा आकडा आम्ही चहा निवायच्या आत फोडला. कुबातने मला उचलून गरगर फिरवलं, मुकादम ओरडला, आम्ही त्यालाही गोळा दिला. कुबातने त्याच संध्याकाळी घरी लिहून टाकलं.

रागावू नकोस. हरलीस तर हरलीस. कान स्वच्छ धुऊन ठेव.

तुझा आणि त्याचाही,
तालाय

---

वरचं कुरण
११ जून १९७१

बाइके,

हे पत्र पिठाच्या पोत्याच्या कागदावर लिहिते आहे, कारण बाबांनी माझ्या वह्या खाली गावातच कुलपात ठेवल्या आणि मला घोडींच्या धारा काढायला वर पाठवलं. दहावीचा दाखलाही त्याच पेटीत आहे. दुधाचा ट्रक आला की हे पत्र ड्रायव्हरला देईन. कधी पोचेल ते त्याच्या गाडीच्या मर्जीवर.

तुझं पत्र वाचलं आणि आधी मला वाटलं तू वेडा झालास. मग आकडा पाहिला. तो माझा नाही!

माझा आकडा १,१६,७६,०४३ होता. तुमच्याकडे आला तो शंभरांनी उणा आहे.

तशीच उठून सातार आबांच्या नमद्याच्या तंबूत, युर्तमध्ये, गेले. ते पाय पसरून घोडीच्या आंबट दुधाचं कुमीस पीत होते. विचारलं, "आबा, माझे शंभर कुठे गेले?"

त्यांना जराही लाज नाही. उलट कौतुक करून घ्यायची वाट पाहत असल्यासारखे म्हणाले, "तुझ्या लक्षात आलं होय! अगं, तुझ्या आकड्याचे मी नऊ नऊ करून पाहिले. एक उरत होता. सोयरिकीच्या घरी पाठवायचा आकडा, आणि त्यात एक पोरका उरलेला? लोक म्हणाले असते, ताश-बुलाकच्या लोकांना द्यायची रीत ठाऊक नाही. म्हणून नवांत बसवून दिला."

"मग एकच काढायचा. शंभर का?"

"नवांच्या हिशेबात एक काय आणि शंभर काय, सारखंच. कळपातून एक मेंढी उणी नेली तर माणूस चोर दिसतो. शंभर उणी नेली तर मोठा दिसतो."

चाळीस वर्षं मेंढरं मोजलेला माणूस. त्याने पाहुणचार म्हणून माझं कोडं मोडून ठेवलं.

तेवढ्यात कुबातचा बाप उत्तर घेऊन वर आला. सगळ्या पांढऱ्या दाढ्या जमल्या. मी सांगितलं, आकडा माझा नाही. बाबा म्हणाले, "सर्वांदेखत बोललीस, आबांनी लिहिला, इथून गेला. गेला तोच आकडा. आबांनी शंभर काढले तर त्यात माझं काय गेलं?" मी म्हटलं, बरं, तोच धरा, पण उत्तर चूक आहे. नऊ फुटतो. तीन त्रिक नऊ.

आणि काय झालं ऐक. सातार आबा म्हणाले, "नऊ कुठे फुटतो? नजराण्यातले नऊ घोडे कुणी तीन तीन करून नेलेले पाहिलेस? नऊ म्हणजे एक." सगळ्या दाढ्या हलल्या. त्यांच्यासाठी नऊ फुटत नाही, बाइके! सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तर निदान कुणीतरी खोकलं असतं.

मी सोडलं नाही. म्हटलं, "आणि दुसरा आकडा? बारा लाखांचा? तो फुटत नाही कशावरून?"

तिथे ते अडले. शेवटी आबांनी निवाडा दिला. जो म्हणतो फुटतो, त्याने फोडून दाखवावा. जुलै संपताना लोकर कातरून झाली की कुबातची आई पुन्हा येईल. तोवर मी फोडला तर कोडं सुटलं नाही. नाही फोडला तर कर्णफुलं.

कायदा माझ्या बाजूने आहे, मला माहीत आहे. पण कायदा खाली जिल्ह्याच्या गावात राहतो, इथे वर दाढ्या राहतात. घोडींच्या धारा दिवसातून पाच-सहा वेळा काढायच्या, मधल्या वेळात मी चुलीची राख पसरून तिच्यावर काडीने भागाकार करते. आपली काकू येते आणि झाडून टाकते. म्हणते, पोर घाण करते.

तुझ्याकडे मी काही मागत नाही. नऊ तूच शोधलास ना? छान. गरगर फीर अजून.

बुरुल

---

उस्त्युर्त
३० जून १९७१

बुरुल,

फिरणं थांबलं. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि कुबातपुढे टाकलं. त्याने वाचलं. पोत्याचा कागद उलटून मागे छापलेलं गिरणीचं नावसुद्धा वाचलं. मग म्हणाला, "मला वाटलं होतं ती हसत हसत हरली."

मी म्हटलं, "ती हरलेली नाही. मी बारा लाखवाला फोडणार आहे."

"तू? तुला हातचा धरता येत नाही."

"शिकेन."

"तालाय, फोडू नकोस."

"माझ्या बहिणीच्या कानात जबरदस्तीने चांदी घालणार का तुम्ही?"

त्यावर त्याने पाठ फिरवली. तेव्हापासून आमच्या दोन खाटांच्या मधून उंट जाईल एवढी जागा आहे.

दुपारी ऊन इतकं चढतं की रुळाला हात लावला तर कातडी रुळावरच राहते, तेव्हा काम बंद असतं. सगळे बराकीच्या सावलीत खाटांवर आडवे होतात. मी खोक्याच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीने भागतो. फळी भरली की रंध्याने तासतो आणि पुन्हा सुरू. साताने तीन उरले. तेराने पाच उरले. चौदाने भागत होतो तर पाठमोरा पडलेला कुबात भिंतीकडे तोंड करूनच ओरडला, "चौदाने काय भागतोस रे, गाढवा? साताने गेला नाही तो चौदाने कसा जाईल? न फुटणाऱ्यांनीच भागायचं."

मी म्हटलं, "तुला काय करायचंय? तू माझा वैरी ना?"

"वैरी आहे. पण मूर्ख वैरी बघवत नाही."

मागच्या आठवड्यात सदतीसने फुटला! मी इतका ओरडलो की मुकादम फावडं घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप. कुबात उठला, फळी हातात घेतली, ओळीवरून बोट फिरवत खाली आला आणि थांबला. त्याला गप्प बसता आलं असतं. मी तशीच तार तुला ठोकली असती, सातार आबांनी मण्यांवर पडताळली असती, आणि तू सगळ्यांसमोर खोटी पडली असतीस. पण तो म्हणाला, "इथे. सदतीस साते दोनशे एकोणसाठ. तू एकोणसत्तर लिहिलंयस." फळी परत दिली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

मुकादमाने फळी पाहिली. म्हणाला, हे काय, चोरून माल मोजतोस की काय? म्हटलं, बहीण सोडवतोय. तो म्हणाला, खोक्यांची लाकडं सरकारी आहेत. मी म्हटलं, बहीण सरकारी नाही. पुन्हा नाव लिहून घेतलं. माझ्या नावाने त्याचं पुस्तक भरत आलं असेल.

तू राख झाडून देऊ नकोस. काकूला सांग, त्यात माझाही वाटा आहे. आणि मी तुझाच भाऊ आहे. आधी उत्तर द्यायचं राहून गेलं.

तालाय

---

उस्त्युर्त
१६ जुलै १९७१

बुरुल,

तार या पत्राआधीच तिकडे पोचली असेल. तरी सगळं लिहितो, कारण तारेत माणसं मावत नाहीत.

परवा दुपारी मी एकशे एकतीसपाशी होतो. डोळ्यांपुढे अंक मुंग्यांसारखे चालत होते. कुबात खाटेवरून उठला, माझ्या समोर येऊन उभा राहिला. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"एकशे त्र्याहत्तर करून बघ," म्हणाला.

"का?"

"बघ म्हणतो ना."

मी केलं. एकशे त्र्याहत्तर गुणिले सात हजार चारशे नव्याण्णव. शिल्लक शून्य. मी पुन्हा केलं. पुन्हा शून्य. या खेपेला ओरडलो नाही.

तोही इतके दिवस भागत होता, बुरुल. भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा ना, त्या भिंतीला लावलेल्या पुठ्ठ्यावर त्याचे भागाकार होते. मी फोडायला बसलो होतो आणि तो, फुटत नाही याची खात्री करायला. माझ्या पुढे गेला होता. त्याला एकशे त्र्याहत्तर सापडून चार दिवस झाले होते. चार दिवस तो त्या आकड्यावर पालथा पडून होता.

मी विचारलं, "मग सांगितलंस कशाला?"

"मी मागणी घातलीय," तो म्हणाला. "लूट नाही." मग म्हणाला, "गप्प बसून तिला घरी आणलं असतं ना, तर दर वेळी तिच्या कानांकडे बघताना मला एकशे त्र्याहत्तर दिसले असते."

स्टेशनवर जायला मालगाडी पकडली. न विचारता. मुकादम मागे ओरडत होता. तारघरातली बाई म्हणाली, नुसते आकडे? हेरगिरी आहे का? मी सही करून कागद देणार तेवढ्यात कुबातने माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. म्हटलं, "वेड्या, तुझा बाप वाचेल." म्हणाला, "त्याच्यासाठीच लिहिलंय."

तुझा तालाय

---

फ्रुंझे
४ ऑगस्ट १९७१

बाइके,

पत्ता बघ. हो, फ्रुंझे.

आता सुरुवातीपासून. कुबातची आई आली, बाप आला, काकू आल्या, तोच रुमाल. सातार आबांनी तार उघडली आणि मोठ्याने वाचली. "बारा लाख सत्त्याण्णव हजार तीनशे सत्तावीस फुटला. एकशे त्र्याहत्तर गुणिले सात हजार चारशे नव्याण्णव. तालाय. कुबात."

कुबातचा बाप म्हणाला, "पुन्हा वाचा." आबांनी पुन्हा वाचली. तो म्हणाला, "तो शेवटचा कुबात कोण?" आबा म्हणाले, "तुझ्या घरात किती आहेत?" 

सगळी युर्त हसली, कुबातची आईसुद्धा. तिचं हसू मात्र अर्ध्यात राहिलं. आबांनी मण्यांची पाटी मांडीवर घेतली आणि गुणायला लागले. बाहेर शिंगरं खिंकाळत होती. शेवटचा मणी सरकवला आणि म्हणाले, "फुटला."

मला वाटलं संपलं. कुठलं काय! कुबातचा बाप सावरून बसला. म्हणाला, "मग हे कोडं बाद. आबांनीच त्यात हात घातला होता. पोरीने आपला खरा आकडा द्यावा, कुबात पहिल्यापासून सुरू करेल. पोरगा हुशार आहे, दिसलंच सगळ्यांना." बाबा म्हणाले, "रास्त आहे." दाढ्या हलल्या. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "खरंच रास्त आहे, बुरुल. तुला उन्हाळा हवा होता ना? घे अजून एक."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि मला हवं होतं तेच ते देत होते. खरा आकडा दिला असता तर कुबातला आणखी महिने लागले असते, परीक्षा पार पडली असती. हात कानांवर ठेवून आणखी बसायचं, एवढंच.

पण मला तुझी फळी दिसली. कुबातचा पुठ्ठा तर मी पाहिलाही नाही, तरी दिसला. तुम्ही दोघं तिकडे उन्हात चामडी सोलून घेताय आणि मी इथे आकड्याच्या मागे लपले आहे. मी कानांवरचे हात काढले. कुबातच्या आईपाशी गेले, तिच्या मांडीवरचा रुमाल उचलला, कर्णफुलं त्यात नीट गुंडाळली आणि तिच्या हातात दिली.

"ही परत न्या," म्हटलं. "आता आकडा नाही. माझ्या कोड्याला सगळ्यांनी उत्तरं दिली. मला मात्र कुणी काही विचारलंच नाही. आता विचारा."

बाबा उठले. मला वाटलं मारतात. आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तसे बसले.

"बरं, विचारतो," आबा म्हणाले. "जातेस त्या घरी?"

"नाही."

"पोरगा वाईट आहे?"

"नाही. चांगला आहे. आज कळलं किती चांगला आहे."

"घर वाईट आहे?"

"नाही."

"मग तुझ्या 'नाही'चे थोडे तुकडे कर की. थोडं आत्ता, थोडं पुढच्या वर्षी. म्हणजे कुणाला लागणार नाही."

"आबा," मी म्हटलं, "नाहीचे तुकडे होत नाहीत. नवांत बसवून बघा, शंभर काढून बघा. नाही."

आबांनी एक मणी सरकवला, परत आणला. मग पाटी उलटी केली. सगळे मणी एका बाजूला घरंगळले. ते कुबातच्या बापाला म्हणाले, "घोड्याचं तोंड वळव."

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. निघताना पाठ करून उभे होते. आई त्याआधीच खाली गावात जाऊन आली होती. तिने पेटीचं कुलूप कसं उघडलं ते विचारलं नाही. दाखला तिने माझ्या हातात दिला नाही, बुटात घातला, म्हणाली बुटात घातलेलं कुणी काढून घेत नाही. दुधाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून खाली आले. परवा लेखी आहे.

भीती वाटते, बाइके. इथे सगळी पोरं-पोरी काळ्या शाईने लिहितात आणि माझ्या नखांत अजून राख आहे.

कुबातला काय लिहायचं ते मला सुचत नाही. तूच सांग त्याला. जे योग्य वाटेल ते.

बुरुल

---

उस्त्युर्त
२१ ऑगस्ट १९७१

बुरुल,

कुबातला सगळं पत्र वाचून दाखवलं. 'चांगला आहे' या ओळीवर म्हणाला, पुन्हा वाच. वाचली. मग 'नाही'च्या ओळीवर म्हणाला, तीही पुन्हा वाच. वाचली. मग उठला, बाहेर जाऊन रुळांच्या टोकापर्यंत चालत गेला. सपाट जमीन असल्यामुळे मला तो जाताना दिसत राहिला, थांबताना दिसला, परत वळताना दिसला. आल्यावर बूट काढले, पुसले नाहीत.

त्याच्या बापाचं पत्र आलंय. त्यात शिव्या आहेत. कुबातने त्याला एका ओळीत उत्तर लिहिलं: 'तिने नाही म्हटलं, मी ऐकलं.' मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, यात आणखी काय मावणार?

माझं म्हणशील तर मालगाडीच्या प्रकरणावरून मुकादमाने मला गँगमधून काढून खडी फोडायला पाठवलं. मी म्हटलं, फोडण्याची सवय आहे. तुला सातवीबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेत नाही, पण इथे शाळेची एक गाडी येते, चाकांवरची, रात्रपाळीच्या लोकांना शिकवायला. तिच्या मास्तरणीला विचारून आलो. ती म्हणाली, सातवीत बसा. मी म्हटलं, बसेन, पण उगाच ओरडायचं नाही.

परीक्षेचं कळव. पास झालीस तर मी इथून एक फळी पाठवेन, टेबल करून घे. नापास झालीस तर घरी जायचं नाही, ऐकलंस? नखांतल्या राखेची लाज धरायची नाही. तिथेच एखाद्या कारखान्यात काम बघ नाहीतर इथे ये. बायकांच्या गँगला रुळांखालचे स्लीपर मोजायला माणूस हवाय आणि तुझ्याहून चांगलं कोण मोजेल? पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. त्याच्या पुढच्याही वर्षी. बाबांनी पाठ केली असेल तर पाठीला पत्र लिहीत राहा. मी तेच करतो.

एक राहिलं. कुबात काल फळी घेऊन आला. म्हणाला, "तिचा खरा आकडा तू त्या पोत्याच्या कागदावर वाचला होतास ना? काढ." मी म्हटलं, "आता कशाला? कर्णफुलं तर पेटीत गेली." तो म्हणाला, "कर्णफुलांसाठी नाही रे. तिने गुणला होता तो आकडा एकदा बघायचाय." मग आम्ही दोघं दुपारी सावलीत बसलो, एका खाटेवर. तो भागतो, मी पडताळतो. कधी मी भागतो, तो शिव्या देतो.

चारशेच्या पुढे आलोय. अजून कुठे चीर नाही. तुला उत्तर माहीत आहे हे आम्हाला माहीत आहे.

सांगू नकोस.

तालाय